देवघराच्या खोलीतला सर्वर

“काय वं, कावळा शिवला काय तुले?”

भाऊसाहेबाच्या घरच्या काकूनं भर ओसरीत विचारलं. ओसरीवर चार बाप्ये चहा पीत बसले होते. भाऊसाहेब, त्यायचा पोरगा, अन् सोसायटीचे दोघं. त्यायच्यातल्या कोणाची मान खाली गेली नाही. मान गेली माही.

मी पायरीवर उभी होती. म्हटलं, “हाव.”

“मंग तथीच थांब. आत देव आहे. पाचव्या दिशी ये, डोक्यावरून न्हाऊन.”

सोसायटीचा एक जण खुदकन हसला. पुण्यात कंपनीत काम केलेली बाई मी. अन् चार बाप्यायसमोर माह्या अंगाची चौकशी झाली, गाय व्याली काय म्हणून विचारावं तशी.

आत देवघराच्या खोलीत माहा सर्वर बंद पडला होता. माहा म्हणते, कारण तो मी उभा केला.

माही माय कापूस वेचाले जाते. आमचं गाव मोताळ्याकडचं, इथल्या बाया टोळीनं जातेत. वच्छलामावशी टोळीची पुढारीण. कोणाच्या वावरात प्याले पाणी ठेवत नाहीत, कोण वजनात मारते, कोणाचा माणूस अंगचटीले येते, हे बाया एकमेकीच्या कानात सांगत. जिच्या कानात नाही पडलं, ती फसे. पुण्यातली नोकरी गेली तशी मी घरी आली, अन् हेच कानातलं बोलणं मोबाईलवर आणायचं ठरवलं. ॲप केलं. वावराच्या फोटोवर बोट ठेवलं की त्या वावराबद्दल बाया काय बोलल्या ते ऐकू येते. आपणबी बोलाचं. लिहा-वाचाची गरज नाही.

बोललेलं कुठंतरी साठवा लागते. ते सांभाळाले ॲपच्या मागं सर्वर लागते. भाड्याचा घ्याची ऐपत नव्हती. मोडीतला एक कॉम्प्युटर आणला, त्याच्यावर लिनक्स टाकलं, अन् ओपन सोर्सचं बॅकएंड, म्हणजे ॲपच्या मागून काम करणारं सॉफ्टवेअर, चढवलं. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड साऱ्यायले मोकळा. कोणीबी घ्या, उघडून पाहा, बदला, पाहिजे तथी बसवा. पण बायायचे आवाज उघडे टाकाचे नव्हते. म्हणून डिस्कले कुलूप लावलं. मशीन बंद पडली की चालू होताना पासवर्ड मागते, अन् तो फक्त माह्यापाशी. बायायले मी शब्द दिला होता, तुमचा आवाज टोळीबाहेर जाणार नाही.

आता गावात लाइटचा काही भरवसा नाही. लाइट लई वेळ गेली की इन्व्हर्टरबी उतरते, पण इन्व्हर्टर अन् फायबरचं नेट, दोन्ही एकाच घरात. भाऊसाहेबाच्या. गावातलं अर्धं वावर त्यायचंच. त्यायनं हसून जागा दिली. नारळ फोडला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. जात एक, म्हणून मले आतपर्यंत येऊ दिलं. वच्छलामावशीले त्या घरात पायरीच्या वर घेत नाहीत. इन्व्हर्टर देवघराच्या खोलीत, म्हणून मशीनबी तथीच ठेवली. माह्या चार दिवसाचं काय, हे मले सुचलंच नाही. पुण्यातल्या सर्वररूमच्या दारात हे कोणी विचारत नाही.

मागच्या महिन्यात असंच झालं. मी मुकाट्यानं परत गेली अन् सर्वर बंद राह्यला. त्याच दिवसात टोळीत कमल आली, गावातली नवी सून. तिनं वावराच्या फोटोवर बोट ठेवलं, आवाज आला नाही. जिथं एकटीनं कडेच्या तासाले, वावराच्या टोकाच्या ओळीत, जाऊ नये, तिथं ती गेली. भाऊसाहेबाचंच वावर. त्यायचा देखरेखीचा माणूस. दुपारी ती ओटीतला कापूस तसाच टाकून पायी घरी आली. दंडावर बोटं उठली होती. घरात कोणापाशी बोलली नाही. सर्वर चालू झाल्यावर त्यात बोलली.

अन् आज मी पुन्हा त्याच पायरीवर.

म्हटलं, “काकू, दोन मिनिटाचं काम आहे. बायायचं अडून राह्यलं.”

काकूच्या आधी पोरगा बोलला. चहाचा घोट घेत. “तू कायले आत येतं? पासवर्ड सांग, मी टाकतो.”

“पासवर्ड नाही देत दादा.”

“काऊन? आमच्या घरात बसून आमच्याच वावराबद्दल बाया काय बोलून राह्यल्या, थे आम्हाले कळू नये काय?”

तेव्हा मले समजलं. काकूले विटाळाची भीती होती, तिच्या सासूनं घातलेली. या बाप्यायले कायची भीती? त्यायले माहा विटाळ कामाचा होता. महिन्यातले चार दिवस मशीन त्यायच्या घरात अन् मी पायरीवर. मी थकाव, बायायनं बोंब माराव, अन् शेवटी मी पासवर्ड सांगाव. मंग कमलचा आवाज या ओसरीवर चहासंगं ऐकला गेला असता.

अंगाची आग आग झाली. ज्या अंगातून पोरगं आलं तं पेढे वाटता, त्याच अंगाले दारात उभं करता. अन् वरून हसता. शरम होती ती जळून गेली.

मी आत गेली. बाप्यायच्या मधून, उंबऱ्यावरून. काकू “अवं अवं” करत आडवी आली.

“काकू, सरका. मले तुमचा देव नाही लागत. माही मशीन लागते.”

देवासमोरूनच गेली. देव जागचा हलला नाही. वायरी काढल्या, मशीन छातीशी धरली, अन् आली तशी पुढच्या दारानं निघाली.

आता भाऊसाहेब उभे झाले. “उद्यापासून तुह्या मायले आमच्या वावरात काम नाही.”

“मायले सांगते मी. तुमच्या वावरात काय चालते, तेबी सांगते.”

भर उन्हात गावातून चालत नाल्यापलीकडं गेली, वच्छलामावशीच्या टिनाच्या घरी. तिनं कितवा दिवस म्हणून विचारलं नाही. ज्वारीच्या कोठीवरची गोधडी उचलली अन् म्हणे, “ठेव इथं.” ट्रॅक्टरची जुनी बॅटरी जोडली, सिमवाला राउटर लावला. सांजच्याले सर्वर चालू झाला. पहिला निरोप मी टाकला. भाऊसाहेबाच्या वावराच्या फोटोवर बोट ठेवून, माह्या आवाजात, माहं नाव सांगून: इथं कडेच्या तासाले एकटीनं जाऊ नका.

माय दोन दिवस बोलली नाही माह्याशी. आता ती धामणगाव बढ्याकडं वेचाले जाते, ऑटोत कोंबून. तिची कंबर दुखते, ते मले दिसते. भाऊसाहेबाचा निरोप आला होता, मशीन परत आणा, देवघरापासून दूर ओसरीत ठेवू. मी नाही म्हटलं. मले दूरची जागा नाही पाहिजे. अन् कमल ज्या दिवशी म्हणल त्या दिवशी आम्ही साऱ्या तिच्यासंगं ठाण्यात जाऊ. तिचा आवाज जपून ठेवला आहे.

वच्छलामावशीच्या घरीबी बॅटरी उतरते, मशीन बंद पडते. मी जाते. पाळीच्या दुसऱ्या दिवशीबी जाते, तिसऱ्या दिवशीबी. अन् आता कोण्याबी दारात कोणी विचारलं, कावळा शिवला काय, तं मी हाव म्हणीन, अन् आत जाईन.