अबोल सासूचा बाजार

डहाणू रोड स्टेशनबाहेर तलासरीची जीप भरता भरेना. शेवटी धाकटी डहाणूच्या दोघी सासू-सुना सुक्या बोंबलांच्या पाट्या घेऊन आल्या आणि ड्रायव्हरने चावी फिरवली. २०१७चा डिसेंबर होता. काचा उघड्या असूनही बोंबलांचा वास जीपभर पसरला.

सून जयश्री माझ्या शेजारी बसली, सासू मागे.

"आईंच्या घशाचं ऑपरेशन झालंय," जयश्री म्हणाली. "डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी केलीय. आज माल खपला नाय, तर त्या पुढच्या बाजारी ऐकायच्या नाहीत. गिऱ्हाइकाला ओरडून हाका मारतीलच."

जयश्री अर्नाळ्याची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तलासरीच्या बाजारात बरंचसं गिऱ्हाईक गुजराती बोलणारं, आणि हिला गुजराती येत नव्हती.

बाजारात मी त्यांच्याजवळच चहा घेत उभा राहिलो. उंबरगावकडचा एक दुकानदार आला. त्याने बोंबील मोडून पाहिला आणि सोबत्याला म्हणाला, "माल जूनो छे." (माल जुना आहे.) मला ते कळलं. जयश्रीला नाही, ती त्याच्याकडे पाहून हसली. सासूने तोंड उघडलं, गळ्यावर हात ठेवला आणि तोंड मिटलं. दुकानदार चालू लागला.

शेजारी वालाच्या शेंगा घेऊन लखमीबाई नावाची एक वारली बाई बसली होती. तिने खणखणीत हाक मारली, "ओ भाई! ताजो छे, जोई तो लो!" (ताजा आहे, बघून तर घ्या!)

गुजरातमधल्या संजाणकडच्या चिकूच्या वाडीत मजुरी करताना ती गुजराती शिकली होती. दुकानदार वळला आणि घासाघीस जुंपली. मध्येच लखमीबाई जयश्रीला मराठीत विचारी, "परवडंल का?" जयश्री सासूकडे बघून मान हलवी. एक अख्खी पाटी गेली.

जयश्रीने लखमीबाईपुढे मूठभर बोंबील धरले.

"आजून एक मूठ दे," लखमीबाई म्हणाली. "बोलून माझाबी घसा दुखतो."

सासू आवाज न करता हसली.

दुपारी जयश्री स्वतःच "ताजो छे!" ओरडू लागली. एका बाईने थांबून तिचा उच्चार सुधारला, पण भाव पाडायचा तो पाडलाच.

परतीच्या जीपमध्ये मी विचार करत होतो. आमच्याकडे भाषेचा विषय निघाला की अभिमानाचं बोलणं होतं. इथे दुसरी भाषा येत नसली, तर पाठ फिरवलेलं गिऱ्हाईक परत बोलावता येत नाही.

"आई, तुम्ही बऱ्या झाल्या तरी तलासरीला मीच येणार," जयश्री मागे वळून म्हणाली.

सासूचे ओठ आवाजाविना 'बरं' म्हणाले. मग तिने रिकाम्या पाट्यांवर पाय टाकले आणि डोळे मिटून घेतले.