जावयासाठी चढवलेली दांडी

हुर्र्यो!

हा आवाज माझ्या कानात बसला तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटलं होतं. बेळगावला कॅम्पातल्या मैदानावर फुटबॉलची मॅच होती आणि मोठ्या पाहुण्यांसाठी मांडव घालायचं काम आमच्याकडं होतं. मी बांबूवर चढून काथ्या आवळत होतो. समोर गोल अगदी मोकळा. एका खेळाडूनं लांबून धावत येऊन अशी लाथ मारली, की चेंडू दांडीवरून गेला तो थेट रस्त्यापलीकडं. सगळ्या मैदानानं एका तोंडानं हुर्यो उडवली. बिचाऱ्यानं बनियन वर ओढून तोंड झाकून घेतलं.

फुटबॉलमधलं मला तेवढंच कळलं. चेंडू दांडीखालून गेला तर मान, दांडीवरून गेला तर अपमान. शाळा माझी चौथीपर्यंतची. जे एकदा डोक्यात शिरलं ते घट्ट धरून बसायची सवय. आणि एवढ्याशा ज्ञानावर मी म्हातारपणी काय उद्योग करून ठेवला, ते ऐकाल तर हातातला चहा सांडाल. जरा दमानं ऐका मात्र. मी सावकाश बोलणारा माणूस. आमची मंडळी म्हणते, ह्यांचं एक वाक्य संपेपर्यंत तव्यावरची भाकरी करपते.

तर आमचे जावई. आम्ही त्यांना पाव्हणं म्हणतो. फुटबॉल खेळणं हाच त्यांचा धंदा, गोव्याच्या एका क्लबात. पगारी खेळाडू! लग्नात मी सगळ्या गल्लीला सांगत होतो, जावई लाथा मारून पैसे मिळवतो. पण वय वाढलं, नवी पोरं आली, क्लबानं त्यांचा करार वाढवला नाही. आमची स्वाती तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या मागोमाग पाव्हणंही आले, आणि राहिले.

बोरगावाजवळ आमचं गाव. गावात जावई चार दिवस राहिला तर पाहुणा, जास्त राहिला तर चर्चा. शेजारचा बाबूअण्णा, हलगी वाजवणारा, तो तर रोज कुंपणावरून विचारायचा, "काय पाव्हणं, मुक्काम लई दिवस? घरजावई व्हायचा इचार हाय काय?"

पाव्हणं हसायचे. पण जेवायला बसले की ताटावरून मान वर करायचे नाहीत. माझ्या जिवाला ते लागायचं.

एक दिवस ते म्हणाले, "मामा, मी खेळ बदलतोय. अमेरिकेत एक फुटबॉल असतो. त्यात नुसता लाथ मारायला एक माणूस ठेवतात."

"व्हय व्हय," मी म्हटलं.

"त्याचे खांब वेगळे असतात. दहा फुटांवर आडवी दांडी, आणि दोन्ही बाजूचे खांब तिच्यावरही उंच गेलेले. तुम्ही बांधून द्याल?"

अहो, मी जन्मभर मांडव घातले. जावयानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं, तेही माझ्या हातचं! तंबाखू निघून आमचं रान मोकळं झालं होतं. तिथं मी चांगले उंच बांबू पुरले, आडवी दांडी बांधली. दांडीच्या वर खांब एवढे कशाला, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, तोरण बांधायला असतील.

ते पुढं खेळ समजावून सांगत होते. मी मान डोलावत होतो. जावई बोलत असताना मध्येच 'कळलं न्हाय' कसं म्हणायचं? आपल्याकडं अशी पद्धत आहे का? तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू. चेंडू तरी कसला! दोन्ही टोकांना चोच. तो प्लास्टिकच्या एका ठोकळ्यावर उभा करायचा आणि लांबून येऊन लाथ घालायची. पाव्हण्यांनी पहिली लाथ घातली. चेंडू गेला दांडीवरून!

मी पटकन बांधाकडं बघितलं, कुणी पाहिलं तर नाही?

दुसरी लाथ. दांडीवरून. तिसरी. दांडीवरून! प्रत्येक वेळी पाव्हणं मूठ आवळायचे. मला वाटलं, स्वतःवरच चिडतायत. मग आभाळाकडं बघायचे. मला वाटलं, देवाला जाब विचारतायत. आणि आमची स्वाती, अवघडलेली, झाडाखाली खुर्चीत बसून टाळ्या वाजवायची. माझे तर डोळे भरून आले. नवऱ्याचं मन राखायला चुकीलासुद्धा टाळ्या! किती गुणाची पोर!

घरी येऊन मंडळीला म्हटलं, "आता कळलं, क्लबानं का काढलं ते. पाव्हण्यांचा एक चेंडू आत जाईना गं."

"अवं, मग इचारा की त्यास्नी."

"काय इचारू? तुमचा निशाणा गेला काय, असं जावयाला इचारू?"

"मग स्वातीला इचारा."

"पोटुशी पोर ती. तिच्या जिवाला आणि घोर कशाला?"

झालं! एका प्रश्नात मिटणारी गोष्ट आम्ही दोघांनी मायेनं झाकून ठेवली.

मग बंगळूरहून फोन आला. तिथले एक साहेब या खेळातले जाणकार. ते रविवारी येणार, पाव्हण्यांच्या लाथांचं शूटिंग करणार आणि अमेरिकेला पाठवणार. तिथल्या लोकांना पसंत पडलं तर बोलावणं. स्वाती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आप्पा, ह्यावर सगळं हाय बघा. हे जमलं न्हाय तर बूट कायमचे काढून ठेवणार म्हणत्यात. मग काय करतील, त्यांचं त्यास्नी ठाऊक न्हाय."

आता माझी झोप उडाली नसती तर नवल! कुशीवर वळतोय आणि विचार करतोय. पाव्हण्यांचा पाय तर आता सुधारणार नाही. मग सुधारणार काय? पहाटे पहाटे माझ्या डोक्यात उजेड पडला.

त्याचं असं आहे. मांडवाच्या दारातला आडवा बांबू आम्ही आधी अंदाजानं बांधतो. मग कळतं, नवरदेव घोड्यावर बसून दारापर्यंत येणार, डोक्याला फेटा, फेट्याला तुरा. तुरा बांबूला लागला आणि नवरदेवाला मान वाकवावी लागली, तर मांडववाल्याची अब्रू गेली. नवरदेव वाकत नाही, बांबू वर जातो. हा आमच्या धंद्याचा नियम. अशा किती जावयांसाठी मी बांबू वर चढवलाय! आणि माझ्या स्वतःच्या जावयासाठी चढवू नको?

अंधारातच रानात गेलो. शिडी लावून वर चढलो, गाठी सोडल्या आणि दांडी चांगली दोन हात वर घेतली. वर आणखी एक वीत. घरचा जावई म्हणून.

कुणाला काही बोललो नाही. गुपचूप केलेली मदतच खरी मदत, असं मला वाटत होतं. बघा, काय ते शहाणपण!

रविवारी दुपार कलल्यावर साहेब आले. तोपर्यंत मी फेटा बांधून तयार. बाबूअण्णाला हलगी घेऊन बोलावलं होतं, त्याला सांगून ठेवलं होतं, "चेंडू दांडीखालून गेला की वाजीव. वरनं गेला तर गप बस, पाव्हण्यांचं मन मोडंल."

"ते मला नगो सांगू," बाबूअण्णा म्हणाला. "बेळगावात मॅची बघितल्यात मी."

साहेबांनी तीन पायांच्या तिकाटण्यावर मोबाईल लावला. पाव्हण्यांनी पहिल्या लाथा जवळून मारल्या. चेंडू वरून गेले. साहेब म्हणाले, "सूपर!" मला वाटलं, साहेबही मनानं चांगला आहे, धीर देतोय.

मग पाव्हणं लांब गेले. खूप लांब, पार बांधाजवळ. तिथून लाथ घातली. चेंडू आला, उतरत उतरत आला, आणि दांडीच्या बरोबर खालून, मधोमध गेला!

"गेलाऽऽ!" मी ओरडलो. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी कधी ओरडलो नव्हतो. बाबूअण्णानं हलगी कडाडवली. मंडळीनं पदर सावरत टाळ्या पिटल्या.

पाव्हणं तिथंच थबकले. दांडीकडं बघितलं, पायाकडं बघितलं. उन्हाची तिरीप डोळ्यावर, एवढ्या लांबून काय दिसणार? पुन्हा चेंडू लावला. पुन्हा दांडीखालून!

आता मी नाचायला लागलो. हो, मी! दोन्ही हात वर करून, खांबांच्या मागं, अगदी पाव्हण्यांच्या नजरेसमोर. त्यांना हुरूप यावा म्हणून.

"आप्पा, गप बसा की हो!" स्वाती खुर्चीतून ओरडली.

नवऱ्याला नजर लागेल अशी पोरीला भीती वाटतेय, असं मला वाटलं. मी खिशातून मीठ-मोहरी काढली, पळत गेलो आणि पाव्हण्यांवरून ओवाळून टाकली. साहेबांच्या मोबाईलसमोर! पाव्हण्यांच्या कपाळावर घाम, ओठ कोरडे. मी त्यांच्या कानात म्हटलं, "असंच चालू द्या."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काय मी साप आहे.

तिसरा चेंडू खालून. चौथाही खालून. हलगी थांबेना. साहेबांनी शेवटी हात वर केला आणि हिंदीत विचारलं, "ये लोग कौन हैं? क्यों नाच रहे हैं?"

आणि मी, छाती काढून, सावकाश, एकेक शब्द मोजत म्हणालो, "साहेब, चेंडू आत जातोय म्हणून नाचतोय. पाव्हण्यांचा दोष न्हवता. दांडीच ठेंगणी होती. पहाटे मीच ती वर चढवली."

हलगी थांबली.

 

स्वाती खुर्चीला धरून उठली. "आप्पा, ह्या खेळात चेंडू वरनंच जायचा असतोय. वरनं गेला तरच मार्क. खालनं गेला तर फुकट."

"वरनं?" मी म्हटलं.

"वरनं."

"मग इतके दिवस त्यांचं..."

"सगळं बरोबर चाललं होतं!"

बाबूअण्णानं हलगी काखेत मारली आणि म्हणाला, "तरी मला शंका आलीच होती." कधी आली होती, देव जाणे!

साहेबांनी टेप काढून दांडी किती वर आहे ते मोजलं, त्याचंही शूटिंग केलं. मी म्हटलं, आत्ता खाली घेतो. पण घाईत भलतंच टोक ओढत बसलो. जन्मभर ज्या गाठी डोळे मिटून सोडल्या, त्यातली एक सुटेना. सुटेपर्यंत उजेड गेला आणि साहेबांना बेळगावची गाडी गाठायची होती. ते निघून गेले.

पाव्हणं मला एक शब्द बोलले नाहीत. मी वयानं मोठा, त्यात सासरा. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. रात्री पंगतीत त्यांनी भात चिवडला आणि "पोट भरलं" म्हणाले. जावयाची मान खाली जाऊ नये म्हणून मी दांडी वर चढवली, आणि त्यांची मान पार ताटात गेली होती. मी ओसरीवर बसून राहिलो. मंडळी म्हणाली, "जेवा." मी दोरीवर दहा फुटांचं माप घेत बसलो.

पुढचे दिवस कसे गेले, विचारू नका. पाव्हणं या दारानं आले की मी त्या दारानं बाहेर. दांडी मात्र सकाळीच खाली घेतली होती, दोरीनं दोनदा मापून. पाव्हणं रानाकडं फिरकलेच नाहीत. बूट कोनाड्यात तसेच पडून. मी एकदा हळूच उचलून पुसून ठेवले, तर स्वाती म्हणाली, "आप्पा, आता कशालाच हात लावू नगासा."

मग एका सकाळी साहेबांचा फोन. स्वातीनं सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. पाव्हणं ओसरीच्या खांबाला टेकून उभे, चेहरा पांढराफटक. मी दाराआड. साहेब इंग्रजीत बोलत होते. स्वाती ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, संपलं.

"अगं, काय म्हणत्यात?" मंडळीनं विचारलं.

"बोलावलंय," स्वाती म्हणाली. "चाचणीला बोलावलंय. दांडी जागच्या जागी असती तर सगळे चेंडू वरनं गेले असते, असं त्यांनी मापावरनं काढलं म्हणं."

मी दारातून पुढं आलो. हात जोडले. 

साहेब अजून बोलत होते. स्वाती ऐकता ऐकता थांबली. माझ्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, तोंडाला पदर लावला.

"आता काय?" मी विचारलं.

"आप्पा, अमेरिकेचे लोक एक इचारत्यात. तिकडं म्हणं लाथ मारणाऱ्याला बिचकवायला समोरच्या पार्टीची माणसं खांबामागं नाचत्यात, ओरडत्यात. तर ते म्हणत्यात, सरावासाठी तुम्ही असला वैरी कुठनं शोधून आणला? फेटेवाला? एवढ्या मनापासून वाईट चिंतणारा माणूस त्यास्नी तिकडंसुद्धा मिळत न्हाय म्हणं."

मंडळी पदरात तोंड घालून हसायला लागली. कुंपणापलीकडं बाबूअण्णा खो खो करत होता. मी जावयाकडं बघितलं. आयुष्यात मी कुणाचं एवढं भलं चिंतलं नव्हतं, हे त्यांना सांगायचं होतं. मी सुरुवातही केली, "पाव्हणं, म्या आपलं..."

पण माझं बोलणं तुम्हाला ठाऊकच आहे. पुढचा शब्द येईपर्यंत पाव्हण्यांनी कोनाड्यातले बूट घेतले होते, ते पायांत घालून नाड्या आवळल्या होत्या. मग ओसरीला टेकवलेली माझी शिडी त्यांनी उचलली, खांद्यावर टाकली, आणि माझ्याकडं न बघता, काही न बोलता, ती बाबूअण्णाच्या घरी ठेवायला निघून गेले.