केनियाचे धडे, अंधेरीचे मास्तर

आमच्या ऑफिसात फायली उडतात, पासवर्ड विसरतात, किस्से मात्र एकही हरवत नाही. चहाला चौघं जमली की कोणीतरी म्हणतंच, "ए, तो केनियाचा सांग ना!"

झालं असं. कोरोनात शाळा बंद झाल्या आणि अंधेरीतल्या आमच्या छोट्या कंपनीला केनियातल्या एका शाळेचं काम मिळालं. तिथं घरोघरी साधे बटणांचे फोन. आमचा कॉम्प्युटर रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक मुलाला फोन लावायचा आणि गणिताचा धडा इंग्रजीतून ऐकवायचा. मुलांनी बटण दाबून उत्तर द्यायचं. धडे मी लिहायचे, आवाज कांबळे मॅडमचा, रेकॉर्डिंग सावंतचं. तिकडच्या बाई होत्या ग्रेस. आणि आम्ही सगळे आपापल्या घरून!

* * *

ग्रेसबाईंचा पहिलाच मेसेज, इंग्रजी अक्षरांत: "ससा!"

सावंतनं डोकं लढवलं. बाईंना धड्यासाठी ससा हवाय! त्यानं एक गुबगुबीत फोटो शोधून पाठवला.

बाईंचं उत्तर आलं, "छान आहे. पण आमच्याकडे 'सासा' म्हणजे 'काय, कसं काय?'"

सावंत मालवणचा, हार कसली मानतोय! "मगे सांगा त्यांका, ससो बरो आसा!"

* * *

अपूर्णांकाच्या धड्यात मी लिहिलं, एका वडापावचे तीन समान भाग करा.

"वडापाव म्हणजे काय?" ग्रेसबाई.

मी अर्धं पान भरून वर्णन पाठवलं. चटणीसकट!

"समजलं. इतकी चांगली वस्तू, मग तिघांत का वाटता?"

* * *

कांबळे मॅडम दिंडोशीच्या घरात, डोक्यावर गोधडी घेऊन रेकॉर्डिंग करायच्या. एकदा ग्रेसबाईंचा घाबराघुबरा मेसेज. पाच अधिक दोनचं उत्तर वर्गातल्या चाळीसच्या चाळीस मुलांनी चार दिलंय!

आम्ही धडा ऐकला. मॅडम विचारतात, "पाच अधिक दोन किती?" आणि मागून शेजारच्या कुकरच्या चार शिट्ट्या. मुलांना वाटलं, बाई हिंट देतायत!

"मॅडम, पुढच्या वेळी शेजारणीला सात करायला सांगा," सावंत म्हणाला.

"डाळीची वाट लागेल रे तिच्या!"

* * *

आमचे बॉस बोरिवलीच्या घरून व्हिडिओ मीटिंगला आले. "आफ्रिकेत नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार, आपण समजून घ्यायला हवं," इथपर्यंत बोलले आणि गायब. परत आले, परत गायब.

तिसऱ्यांदा उगवले तेव्हा ग्रेसबाईंनी काळजीनं विचारलं, "सर, तुमच्या गावात टॉवर नाही का?"

* * *

दोन-तीन महिन्यांनी ग्रेसबाईंनी विचारलं, "हा एक विद्यार्थी कोण? एकही दिवस चुकलेला नाही. भागाकार मात्र रोज चुकतो. आणि नंबर आमच्या देशातला नाही."

कांबळे मॅडमनी नंबर पाहिला आणि कपाळावर हात मारला. मुलुंडला एकट्या राहणाऱ्या त्यांच्या आईचा! सुरुवातीला टेस्टिंगसाठी टाकला होता, काढायचाच राहिला.

त्यांनी आमची व्हिडिओ मीटिंग चालू असतानाच, स्पीकरवर, आईला फोन लावला.

"आई, ते फोन तुझ्यासाठी नव्हते गं!"

"माहितीये की. इंग्रजी काय कळतंय मला? आकडे तेवढे कळतात."

"मग कट का नाही केलास?"

"एरवी तू रविवारीच फोन करतेस. हा रोज येतो, तुझ्याच आवाजात. आणि चुकलं की गोड आवाजात 'ट्राय अगेन' म्हणतेस. घरी कधी म्हणालीस का?"

 

आम्ही सगळं ग्रेसबाईंना कळवलं. माफी मागितली, नंबर काढतो म्हणालो.

लगेच उत्तर आलं, "काढू नका. पूर्ण नाव पाठवा. हजेरीत रोल नंबर एक्केचाळीस दिलाय."