तळ्यावरची मतलई

ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नाही. कुवेतचा विषय निघाला की तिथल्या उन्हाळ्याच्या गप्पा मारून वेळ काढला. आता ऐंशी उलटली. खरं काय ते लिहून ठेवतो.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मी कुवेतमधल्या मंगफला एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. त्याआधी गावाकडे आठ वर्षं भूगोल शिकवला होता. आल्प्स फळ्यावर कितीदा काढला असेल, पाहिला कधीच नव्हता. आमच्या कॅम्पचा स्वयंपाकी रत्नागिरीकडचा मुसलमान, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याने आल्प्स पाहिला होता. त्याचा आधीचा कुवेती मालक दरवर्षी कुटुंबासह तिथल्या एका तळ्याकाठी राहायला जाई आणि याला सोबत नेई. मला ते सहन होत नसे. तो मला 'मास्तर' म्हणे, मी त्याला अरे-तुरे करी.

एकदा जेवताना तो सांगू लागला. तळं लांबट, दोन्ही अंगांनी डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. इतकं खोल की हिवाळ्यातही गोठत नाही. "पहाटे डोंगराकडून मतलई सुटते, दुपारी वारा उलटा फिरतो. मी त्या अंदाजानेच होडी काढायचो."

"मतलई जमिनीवरून समुद्राकडे वाहते," मी म्हणालो. "तळ्यावर कुठली?"

"वाऱ्याला काय ठाऊक, पाणी खारं की गोडं?"

मग त्याने आणखी एक सांगितलं. एका वर्षी बर्फाच्या डोंगरावरून भट्टीसारखा गरम वारा आला. दिवसभरात उतारावरचं बर्फ गेलं, तळ्यात लाटा उसळल्या, सगळ्यांनी होड्या बांधून ठेवल्या.

"बर्फावरून गरम वारा? कुवेतची हवा ट्रंकेत भरून नेली होतीस काय?"

सगळे हसले. "मास्तर, तुम्ही पुस्तक वाचलंत," तो म्हणाला. "मी तो वारा खाल्लाय."

त्या दिवसापासून मी त्याला चारचौघांत 'मतलई' म्हणून हाक मारू लागलो.

आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, खैरानला समुद्रकाठच्या आपल्या घरी बोट सांभाळायला माणूस शोधत होता. तिथे राहायला दोन खोल्या होत्या. स्वयंपाक्याला बायकोला आणता आलं असतं, ती कित्येक वर्षं गावी एकटी होती. त्याने ती जागा मागितली. मुदीरने मला विचारलं, हा तळ्यावर होडी चालवायचा म्हणतो, खरं का?

"थापा मारतो," मी म्हणालो. "भूगोल माझा विषय आहे."

जागा दुसऱ्याला मिळाली.

महिन्याभराने आल्प्सकडचा एक इंजिनिअर पंप बसवायला आला. चहा पिताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, हो, येतो तसा वारा. हवा अलीकडे पाऊस पाडून डोंगर ओलांडते आणि पलीकडे उतरताना तापते. तळ्यावरचे वारेही सकाळ-दुपार दिशा बदलतात, कोळी त्यावरच जाळी टाकतात. मी मान हलवली. मुदीरकडे मात्र गेलो नाही. मास्तर चुकला हे कुणाला कळायला नको होतं.

करार संपल्यावर स्वयंपाक्याने तो वाढवून घेतला नाही. निघण्याआधी गोदामाच्या कागदावर माझी सही लागे. बाहेर धूळ उठली होती. डोळे चोळत तो आत आला. माझं वाक्य सकाळपासून तयार होतं: मतलई तळ्यावरही सुटते, तुम्ही खरं बोलत होता, खोटं मी बोललो. मी सही केली. कागद हातात घेऊनही तो थांबून राहिला.

"ब्लँकेट जमा केलंस ना?" मी विचारलं.