चक्कीवर विचारून घेतलेलं घर

नागपुरात भाड्याचं घर शोधणारे लोक पाणी विचारतात, पार्किंग विचारतात, शाळा किती दूर आहे ते विचारतात. मी फक्त लाईट विचारायचे. कन्हानला आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसातून चारदा लाईट जायची, आणि माझ्या बाबांचा श्वास लाईटवर चालायचा. आयुष्यभर कोळशाच्या खाणीत उतरले, छातीत धूळ भरून घरी आले. खाटेशेजारी ऑक्सिजनची मशीन, तिची नळी नाकात आणि वायर भिंतीच्या प्लगमध्ये. लाईट गेली की सिलिंडर लावायचा. तो दोन तास पुरायचा.

आई जाऊन सात वर्षं झाली होती. भाऊबहीण कोणी नाही, माझ्या लग्नाचं जमलं नाही, घरात आम्ही दोघंच. मी रोज सदरला ऑफिसात यायचे, दिवसा शेजारच्या काकू बाबांवर लक्ष ठेवायच्या. मे महिन्यात एक दिवस लाईट गेली ती तीन तास आलीच नाही. काकूंनी गावभर धावून कुठून तरी दुसरा सिलिंडर पैदा केला म्हणून निभावलं. मी पोचले तेव्हा बाबांचे ओठ निळे होते.

"आता बस झालं," मी म्हटलं. "नागपूरले राहायला जाऊ."

"काहून वं? इथं का वाईट आहे? चार मानसं येतात, बसतात. तिथं मले कोन भेटायले येईल?"

"तिथं लाईट राहील, बाबा."

"मोठी आली लाईटवाली!" म्हणाले आणि तोंड भिंतीकडे केलं.

पण मी ऐकायला तयार नव्हते. निळे ओठ मी पाहिले होते, त्यांनी नाही.

घर पाहायला लागले तर जो तो घरमालक छातीवर हात ठेवून सांगे, "मॅडम, आपल्या एरियात लाईट जातच नाही." साफ खोटं! मग मला एक युक्ती सुचली. त्या त्या वस्तीतली पिठाची चक्की शोधायची. लाईट गेली की चक्की बंद, गिऱ्हाईक बडबडतं, चक्कीवाल्याचं डोकं फिरतं. त्याच्याइतका पक्का हिशेब कोणाकडे नसतो. पण नुसतं विचारलं तर तो कशाला सांगेल? म्हणून दोन किलो गहू पिशवीत घेऊन जायचे, दळण होईस्तोवर बाकावर बसायचे आणि सहज विषय काढायचे. पंधरा दिवस असं केलं. घरात पिठाचे डबे साचले. बाबा म्हणायचे, "हॉटेल टाकून राहिली का वं?"

इंदोऱ्याच्या पुढे एक घर मिळत होतं. घरमालकीण आमच्यासारखीच बौद्ध, साठीची, एकटी. दारातच जयभीम झाला. मी आधीच सांगून टाकलं की बाबा फार आजारी आहेत, घरात मशीन चालेल. ती म्हणाली, "मंग का झालं? आजारी मानसानं का रस्त्यावर राहायचं? मी दिवसभर घरीच रायते, बसत जाईन त्याईच्यापाशी." मला तिथंच रडू आलं असतं. तिथून उठून मी चक्कीवर गेले. चक्कीवाला म्हणाला, "लाईट? विचारूच नका ताई. दिवसातून दोनदा तं जातेच. परवा चार घंटे गेली होती."

चार तास! मी तिला दुसऱ्या दिवशी फोन करून नाही म्हटलं. कारणही सांगितलं. ती म्हणाली, "तुह्या बापाचं तुले समजते, माय." तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र उगाच आपलंच खरं केल्यासारखं वाटलं.

पश्चिमेकडच्या एका कॉलनीतला चक्कीवाला म्हणाला, "दोन महिन्यांत एकदा गेली, तीही वीस मिनिटं." झालं, माझं तिथंच ठरलं. त्या कॉलनीत दोन घरं पाहिली. आडनाव सांगितलं की दोन्ही घरं "कालच गेली" होती. मी गिळलं. बाबांच्या श्वासापुढे माझा मान काय एवढा मोठा? तिसऱ्या घराच्या मालकांनी आडनाव विचारलं, ऐकलं आणि "चहा घ्या" म्हणाले. निवृत्त मास्तर, नवराबायको आणि मुलगी वरच्या मजल्यावर, खालच्या दोन खोल्या रिकाम्या. चहा झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"मॅडम, एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या मुलीचं पाहणं सुरू आहे. अशा वेळी घरात मयत झाली तर लोक काहीबाही बोलतात. वडिलांची तब्येत फारच बिघडली तर वेळेत दवाखान्यात हलवा. घरात तसं काही व्हायला नको. एवढा शब्द द्या."

आज वाटतं, तो कप तिथंच ठेवून उठायला पाहिजे होतं. पण माझी नजर भिंतीवरच्या प्लगवर होती. "हो, दिला," मी म्हटलं. बाबांना यातलं काहीच सांगितलं नाही.

आठ महिने राहिलो. लाईट गेली नाही म्हणजे नाहीच! मशीन घरघरत राहायची आणि बाबा खिडकीशी पडून फाटकाकडे पाहायचे. दिवसा मी एक बाई ठेवली होती, ती मोबाईल पाहत बसायची. संध्याकाळी मी आले की बाबांचा एकच प्रश्न, "कोनी आलं होतं का वं?" घरात तेच असायचे दिवसभर, आणि मला विचारायचे. एकदा कन्हानहून त्यांचे खाणीतले तिघे सोबती आले. घरमालकांनी फाटकाशी नावगाव विचारलं, अगदी नम्रपणे. तिघं म्हातारे खाटेच्या कडेला अंग चोरून बसले, हळू आवाजात बोलले, चहा पिऊन निघाले. पुन्हा आले नाहीत. बाबा तीन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, आणि मीही चिडून म्हटलं, "जिवंत आहात ना? मंग!" असं बोलले मी बापाला.

जानेवारीत बाबांना तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता नेणं-आणणं करू नका. घरीच ठेवा, तिथं त्यांना त्रास कमी होईल. घरी आल्यावर मी बाबांना अर्धवट काहीतरी सांगितलं. बाकीचं त्यांना कळलं.

"आता मले कुठी नेऊ नको," ते म्हणाले. "त्या दवाखान्यात मानूस एकटा पडते. इथंच, ह्या खाटेवर, तू पाशी अस. शब्द दे."

"हाव, बाबा. शब्द."

त्या रात्रीपासून दोन शब्द माझ्या डोक्यात एकमेकांशी भांडत होते. मी इंदोऱ्याच्या बाईला फोन केला. तिच्या खोल्यांत आता एक कुटुंब राहत होतं. मग उरला एकच उपाय. वर जाऊन घरमालकांना सांगायचं की मास्तर, हे शेवटचे दिवस आहेत, त्यांना इथंच राहू द्या. चौदा पायऱ्या होत्या. रोज ठरवायचे, आज जाईन. ते नाही म्हणाले तर? घर खाली करा म्हणाले तर ही मशीन घेऊन मी कुठं जाऊ? भैताड मी! विचारलं असतं तर कदाचित ते हो म्हणाले असते. तसा तो माणूस वाईट नव्हता.

त्या रविवारी दुपारी वर पाहुणे आले होते. मुलगी पाहायला. जिन्यापाशी चपलाबुटांची रांग, वरून हसण्याचा आवाज, पोह्यांचा वास. तीनच्या सुमाराला बाबांचा श्वास बदलला. आईच्या वेळी मी तो आवाज ऐकला होता, मला कोणी सांगायची गरज नव्हती. खाटेवर बसून त्यांचा हात धरायचा, एवढंच माझं काम होतं. मी उठले आणि अँब्युलन्सला फोन केला.

स्ट्रेचर आत आलं तेव्हा बाबांनी खाटेची पट्टी घट्ट पकडली.

"कुठी नेऊन राहिली वं?"

"दवाखान्यात. डॉक्टरनं बोलावलं, बाबा. नवीन औषध आलं म्हणे."

कुठून आलं हे माझ्या तोंडात, कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"म्हनजे... इलाज आहे अजून?"

"हाव."

त्यांनी पट्टी सोडली. माझ्यावर विश्वास ठेवून सोडली. मरायला तयार झालेल्या माणसाला मी पुन्हा आशा लावली, त्याला गाडीत घालता यावं म्हणून. घरमालक आवाज ऐकून खाली आले. त्यांनी पाहुण्यांची मोटारसायकल बाजूला घेतली, फाटक उघडून धरलं.

गाडीत बाबांनी मास्क थोडा सरकवून विचारलं, "बरं झाल्यावर कन्हानले जाऊ ना मंग?" मी हाव म्हटलं. सीताबर्डीच्या अलीकडे सिग्नलला गाडी थांबली, सायरन वाजत होता, पुढच्यांना सरकायला जागा नव्हती. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. सिग्नल सुटला तेव्हा ते गेलेले होते.

दवाखान्यातून त्यांना सरळ कन्हानला नेलं. नदीवर सगळं गाव आलं होतं. ते तिघे सोबती लाकडं रचायला पुढे झाले. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तोवर मी काकूंकडेच राहिले. मग सामान काढायला कॉलनीतल्या घरी गेले. मास्तर आणि त्यांची बायको दोघंही खाली आले. बाईंनी मला जवळ घेतलं. मास्तरांनी हात जोडले, त्यांचे डोळे खरंच भरले होते.

"मुलीचं जमलं, मॅडम," ते म्हणाले. "तुमचे उपकार विसरणार नाही. तुम्ही शब्द पाळला. आजकाल कोण पाळतं?"

बाबांनाही मी शब्द दिला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. अभिनंदन म्हटलं आणि खाट उचलायला आत गेले.