गेणभाऊंनी गाळलेलं नाव

निमगाव सावा आणि आसपासच्या वाड्यांत कुणाचाही दशक्रिया विधी असला की माइक गेणभाऊंच्या हातात असे. घाटावर प्रवचन संपलं की श्रद्धांजलीसाठी एकेका पुढाऱ्याचं नाव पुकारायचं, हे काम त्यांनी वीस वर्षं केलं. आवाज मऊ, बोलणं मोजकं. आलेल्या पाहुण्यांतलं एक नाव त्यांच्याकडून कधी राहिलं नाही.

साळुबाईंचा दहावा जिल्हा परिषदेच्या मतदानाआधी तीन दिवस आला. कांदा दहा किलोला पन्नास रुपयांवर घसरलेला. काढणीची मजुरीसुद्धा सुटत नव्हती. आणि गावच्या प्रतिभाताई नेमक्या सरकारातल्या पक्षाच्या चिन्हावर उभ्या होत्या. त्या चिन्हावर दुसरा कुणी असता तर लोकांनी त्याला वेशीतूनच परतवून लावलं असतं. ताई मात्र अडल्यानडल्याला धावणाऱ्या. त्यांच्याबाबतीत गावाचं मन ठरत नव्हतं.

प्रवचन सुरू असताना गोरख नावाचा तरुण शेतकरी गेणभाऊंच्या कानाशी आला.

"भाऊ, ताईंचं नाव घेतलं तर आमी इथंच कांदे ओतणार."

वर रस्त्यावर भरलेली पिकअप खरंच उभी होती. ताई बायकांत बसल्या होत्या, साळुबाईंच्या सुनेचा हात हातात घेऊन. गेणभाऊंना पुढचं दिसलं. मयताच्या विधीत राडा होणार, मोबाइल निघणार, आणि संध्याकाळपर्यंत तालुकाभर तेच फिरणार. एकेक वक्ता बोलून खाली बसला, ताईंच्या विरोधातला उमेदवारही. गोरखची नजर हलत नव्हती. कागदावर एकच नाव उरलं, तेव्हा गेणभाऊंनी कागदाची घडी घातली आणि कुटुंबाच्या वतीनं सगळ्यांचे आभार मानले.

ताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं नि मान खाली घातली. गेणभाऊंना वाटलं, वाचवलं आपण त्यांना.

निकालाच्या दिवशी प्रत्येक फेरीला पारडं बदलत होतं. शेवटी ताई सतरा मतांनी पडल्या. फेरमोजणी झाली. सतराच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीवर साळुबाईंचा मुलगा भिमाजी भेटला. तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. आईला ताईंनी स्वतःच्या गाडीतून पुण्याला नेलं होतं, तीन दिवस दवाखान्यात बसून राहिल्या होत्या.

"आन दहाव्याला दोन शब्द बोलल्या न्हाईत, भाऊ. तुमी कुणाला इसरत न्हाई, म्हंजी त्याच नको म्हणल्या असणार. कांद्याला भ्याल्या. आमच्या भावकीची चाळीस मतं व्हती. कांदा पडला तरी ताईलाच द्यायची ठरली व्हती. मंग कुणी गेलंच न्हाई मतदानाला."

गेणभाऊ दुधाची किटली तिथंच ठेवून निघाले. ताईंच्या ओट्यावर कार्यकर्ते बसले होते. कांद्यानं घात केला, असं जो तो म्हणत होता आणि ताईही मान डोलावत होत्या. गेणभाऊंना कुणी चहा पुढं केला. नुसतं बसून उठता आलं असतं.

"कांद्यानं न्हाई, ताई. मी पाडलं तुमाला," ते म्हणाले आणि गोरखच्या धमकीपासून चाळीस मतांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

एकजण ताडकन उठला. ताईंनी त्याला हातानंच खाली बसवलं.

"भिमाजीला वाटतंय, मी बोलायला नको म्हणाले?"

"व्हय."

ताईंनी पायात चपला घातल्या.

"चला. हे आधी त्याला सांगा. माझ्यासमोर सांगा."