आक्काचा अंगठा

माझी थोरली बहीण शेवंता, म्हणजे आमची आक्का, दर मंगळवारी माहेरी यायची आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहायची. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, हातात यल्लम्माची परडी. कसबा बावड्यातल्या आमच्या दारात माझी बायको पारू त्या परडीत ओंजळभर जोंधळे घाली. "बसा की वन्सं," म्हटलं की आक्का हसे. "बसलं की उठवत न्हाय गं, पारू." कुणी तिच्या नशिबाची कीव केली की म्हणे, "माझा नवरा देव. मारत न्हाय, आन् घरीबी येत न्हाय!"

मी दोन वर्षांचा असताना मला देवी आल्या. पोरगा वाचला तर पोरगी यल्लम्माला वाहीन, असा नवस आमच्या वडिलांनी, आबांनी केला. मी वाचलो. आक्का तेव्हा आठ वर्षांची होती.

पुढे मी मास्तर झालो. कोल्हापूरच्या महाराजांनी कायदा काढला, की देवाला सोडलेल्या मुलीचाही बापाच्या मिळकतीत वाटा राहील. गावातले म्हातारे म्हणाले, "ह्यात नवं काय? पूर्वी जोगतिणीला लेकाच्या जागी धरत, वाटा देत. मधल्या पिढ्यांनीच ते मोडलं." काही महिन्यांनी आबा वारले. नदीकाठचं चार एकर रान अर्धं होणार, या विचाराने मला जेवण जाईना.

मी हक्कसोडीचा कागद लिहिला. मंगळवारी आक्कापुढे धरला.

"काय लिवलंयस?"

"आबांची मुलगी म्हणून तुझी सरकारात नोंद करायची आहे."

"आबांची लेक म्हनून? माझं नाव?" तिचा चेहरा उजळला. परडी खाली ठेवून तिने अंगठा इतका दाबला, की शाई कागदाच्या पाठीवर उमटली.

महिन्याभरात तिला खरं कळलं. ती भर दुपारी शाळेच्या आवारात आली. मी म्हणालो, "आक्का, तू मला नाही म्हटलं नसतंस."

"म्हटलं असतं की! माझा वाटा मी दिला नसता. म्हनून तर तू इचारलं न्हाईस." मग आवाज उतरवून म्हणाली, "तक्रार केली तर तुझी नोकरी जाईल. तुझ्या जिवापायी मला एकदा सोडलीया. आता नोकरीपायी माझा वाटाबी सोडू व्हय?"

तिने तक्रार केली नाही, आणि आमच्या दारी पुन्हा आलीही नाही.

तिसऱ्या वर्षी ती वारल्याचं कळलं. कोल्हापुरात पोचलो तेव्हा जोगतिणी तिची तिरडी उचलत होत्या. त्यांतली एक म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "पावणं, तुमी तिचं कोन?"

"ओळखीचा," मी म्हणालो.